ललिताजींचा नवरा

सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी दूरदर्शनच्या जमान्यात सगळ्या देशाने पाहिल्या. त्यांच्या नवऱ्याची चौकशी मात्र कुणी केली नाही. ती जागा सध्या मी सांभाळतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९८०च्या दशकात स्वस्त निरमाने सर्फच्या तोंडचं पाणी पळवलं, तेव्हा लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलीक पदमसींनी ही बाई उभी केली. कविता चौधरींनी ती अशी काही वठवली की पुढे 'उडान' मालिकेत त्या पोलिसांच्या वर्दीत आल्या तरी आमची आई म्हणायची, "ही बघा सर्फवाली!" ललिताजी भाजीवाल्याशी घासाघीस करणार आणि साबणाची पावडर मात्र महागाची घेणार. कारण काय, तर 'सस्ती चीज़ और अच्छी चीज़ में फर्क होता है.' तोही ठणकावून.

फर्क असतो हो, पण तो कुठे लागू करायचा हे नवऱ्याला कोण सांगणार?

मंडईत आमच्या ललिताजी टोमॅटो एकेक करून दाबतात. भाजीवाला कळवळतो, "ताई, दाबू नका, मऊ पडतो माल." मी पिशवी धरून दुसरीकडे बघतो. पाच रुपये कमी होतात, वर मूठभर कोथिंबीर येते. तिथून दहा पावलांवर किराणा दुकान. तिथे याच बाई सगळ्यात महाग पावडरचा पुडा किंमत न बघता उचलतात.

एकट्याने बाजार केला की माझी खरी परीक्षा. झाडू स्वस्तातला आणला, तर "अहो, चार दिवसांत काड्या सुटतील, कुणी गळ्यात मारला?" महागाचा आणला, तर "भाव केलात का? नाहीच केला असणार." मधल्या किमतीचा आणून पाहिला. त्यावर नुसतं "हं" आलं. ते जास्त लागलं.

हल्ली मी मंडईतून थेट व्हिडिओ कॉल लावतो. परवा भाजीवाल्यानेच माझ्या हातातून फोन घेतला, मेथीची जुडी उलटी करून देठं कॅमेऱ्यासमोर धरली आणि म्हणाला, "बघा ताई, सकाळचाच माल आहे." दोघांची बोलणी झाली, पाच रुपये कमी झाले. याच माणसाने मला आजवर एक रुपया सोडलेला नाही.