चाल घेतली म्हणजे चोरी केली असं होत नाही

गेला आठवडाभर एक मेसेज फिरायलाय. "खरा कलावंत कुणाकडून काही घेत नाही. कल्पना ज्याची मालकी त्याची, दुसऱ्यानं वापरली की चोरी. कायदाही हेच सांगतो. आपलं नाटक, आपली चप्पल, सगळं त्यांनी चोरलं." आमच्या मराठी ग्रुपवर 'ते' म्हणजे कन्नडवाले. ऑफिसातल्या कन्नड मित्रानं त्याच्या ग्रुपवरचा मेसेज दाखवला, मजकूर तोच, फक्त 'ते' म्हणजे आपण. बेळगावात राहून दोन्हीकडची माणसं हे फॉरवर्ड करायलेत, मला खरंच वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी नाटक. कर्नाटकातनं पुराणातल्या गोष्टींचे खेळ करणारी भागवत मंडळी सांगलीला आली, त्यांचा खेळ बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं की असं काहीतरी मराठीत करा, आणि १८४३ ला सीतास्वयंवर उभं राहिलं. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो तो त्याचाच. पुढं अण्णासाहेब किर्लोस्कर, ते तर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्यांनी १८८० ला शाकुंतल हे संगीत नाटक आणलं, गोष्ट कालिदासाची, चाली कीर्तनातल्या, लावणीच्या आणि कानडी पदांच्यासुद्धा. त्याच्या आधीपासनंच मराठी मंडळ्या हुबळी-धारवाडकडं खेळ लावत होत्या, तिकडच्या लोकांना वाटलं हे आपल्या भाषेत का नको, आणि गदगच्या शांतकवींनी कन्नड नाटक मंडळी काढली. इकडचं तिकडं गेलं, तिकडचं इकडं आलं, आणि दर खेपेला त्यात काहीतरी नवीन पडत गेलं. यात चोर कुठला काढणार?

आमच्या आजोबांच्या ट्रंकेत संगीत नाटकांची जुनी पुस्तकं आहेत, पानं पिवळी पडलीत, हात लावला की कडेचा तुकडा निघून येतो. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि त्याच्याशेजारी 'चाल' छापलेली असते, म्हणजे हे पद अमक्या गाण्यासारखं म्हणायचं. कुणाकडनं घेतलं ते तिथंच, पदाच्या वर, सगळ्यांना दिसेल असं. लपवायचं कुणाच्या मनातच नव्हतं.

खरा कलावंत घेत नाही म्हणे. सुळेभावी गाव इथनं, बेळगावातनं, किती लांब आहे? तिथं १९२४ ला जन्मलेलं कोमकळीमठांचं पोरगं मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गायचं, त्यावरनंच त्याला कुमार गंधर्व हे नाव मिळालं. तेच पुढं देवासला आजारपणात अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले आणि त्यातनं नवे राग काढले. एवढं पुरे.

चप्पल. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन, म्हणजे ही वस्तू अमक्या भागातलीच असा सरकारी शिक्का (जीआय टॅग), दोन्ही राज्यांना मिळून आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तिकडचे आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर इकडचे. आठ जिल्हे. अथणी-निपाणीकडची माणसं पिढ्यानपिढ्या पायताण करत आलीत, कातडं कमवण्यापासून वेणी घालण्यापर्यंत सगळं हातानं, आणि ती माणसं कुठली भाषा बोलतात हे पायताणाकडं बघून कुणाला सांगता येत नाही. जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली तेव्हा लोक चिडले ते बरोबरच होतं, कारण कोल्हापुरीचं नावच कुठं नव्हतं, बोंब उठल्यावर मग त्यांनी कबूल केलं की प्रेरणा भारतीय कारागिरांकडनं घेतली. माझा राग असल्या गोष्टीवर आहे. घ्या की, पण कुणाचं घेतलं ते सांगा आणि करणाऱ्याच्या हातात दोन पैसे पडू द्या.

आता कायदा, इथं तर मेसेज सरळ चुकीचाच आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, ती कशी मांडली त्याला देतो. १९७८ ला सुप्रीम कोर्टात आर. जी. आनंद यांची केस झाली. त्यांचं 'हम हिंदुस्तानी' नाटक, त्यावरनं 'न्यू दिल्ली' सिनेमा उचलला अशी तक्रार. कोर्टानं सांगितलं की कल्पना, विषय, कथानक, इतिहास-पुराणातल्या गोष्टी यांच्यावर कॉपीराइट नसतो, मांडणी उचलली का तेवढं बघायचं, आणि आनंद हरले. त्या नाटकाचा विषय काय होता माहितीये? प्रांतवाद. पंजाबी घर, मद्रासी घर आणि मधे दोघांचं प्रेम. सीमाभागात राहणाऱ्यांनी ही केस वाचायलाच पाहिजे.

माझ्यावरही हे येऊन गेलंय. आमच्या गल्लीच्या शिवजयंतीच्या चित्ररथासाठी मी आग्र्याहून सुटकेचे संवाद लिहिले होते, रात्री दोनपर्यंत बसून रेकॉर्ड केले. पुढच्या वर्षी मिरवणुकीत दुसऱ्या गल्लीचा ट्रॅक्टर पुढनं गेला, त्यावर आग्र्याचाच देखावा, तोपर्यंत ठीक होतं, आग्रा काय माझं नाही. पण स्पीकरवर माझाच आवाज, पेटाऱ्याच्या प्रसंगात मला आलेल्या खोकल्यासकट! कुणी विचारलं नाही, कुणाचं नाव नाही. फार लागलं मनाला. नंतर त्यांच्यातले एक काका घरी आले, चहा घेतला, म्हणाले पोरांनी पेनड्राइव्ह कुठनं आणला आम्हाला कळलंच नाही. यंदा त्यांनी आधी येऊन मागितलं. मी दिलं, नवीन रेकॉर्ड करून दिलं, आणि सुरुवातीला आमच्या गल्लीचं नाव घ्या एवढंच म्हटलं. घेतलं त्यांनी.