कोरोनॉइड काढलं तर चावायचं कशानं?

काका, गुटख्याने आवळलेलं तोंड उघडायला कधी जबड्याच्या हाडाचं कोरोनॉइड हे टोक कापतात आणि त्याने काही फरक पडत नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर ‘स्नायू ज्या हाडाला धरून आहे तेच कापायचं आणि वर काही फरक पडत नाही म्हणायचं? दार अडकतं म्हणून कोणी चौकट तोडतं का? गुटखा सोडला की तोंड आपोआप उघडतं,’ असं तुम्ही लिहिलंत. ‘काही फरक पडत नाही’ हे माझं वाक्य सैल होतं, मान्य. बाकीचं मात्र पटत नाही.

खालच्या जबड्याची उभी फळी वर जाऊन दुभंगते. मागचं टोक कॉन्डाइल, ते कानापुढच्या सांध्यात बसतं. पुढचं पातळ, त्रिकोणी टोक कोरोनॉइड. कावळ्याच्या ग्रीक नावावरून हे नाव पडलं, आणि वाळलेला जबडा हातात घेतलात तर चोच दिसतेच. तुमचंच दार घ्या: बिजागरी म्हणजे कॉन्डाइल, कोरोनॉइड ही ओढायची कडी. कानशिलावर बोटं ठेवून दात आवळा. फुगतो तो टेम्पोरॅलिस स्नायू, त्याचं खालचं टोक या कडीत अडकलेलं. पण दार ओढायला गालातला मॅसेटर आणि आतल्या बाजूचा मीडियल टेरिगॉइड हे स्नायूही आहेत, आणि ते जबड्याच्या कोनाजवळ पक्के धरलेले. म्हणून जोर कमी होतो, चावणं थांबत नाही.

सुपारी-गुटख्याने गाल आतून चिवट पट्ट्यांनी आवळले जातात. निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात, या रुग्णांच्या तोंडात कधी एकही जात नाही. गुटखा सोडायलाच हवा, पण सोडला म्हणून झालेले पट्टे विरत नाहीत. पट्टे कापल्यावर ऑपरेशनच्या टेबलावरच तोंड किती उघडतं ते मोजतो. ३५ मिलिमीटरच्या आतच अडलं, तर वर्षानुवर्षं न ताणलेला टेम्पोरॅलिस आखडलाय असं समजायचं, आणि मगच कोरोनॉइडला हात लावायचा. सरसकट नाही.

काप तोंडातूनच घेतात, दोन टोकांमधल्या खाचेपासून पुढच्या कडेपर्यंत तिरपा. चेहऱ्यावर व्रण नाही. हाड पूर्ण सुटायच्या आधी ते चिमट्यात घट्ट धरावं लागतं, नाहीतर टेम्पोरॅलिस ते वर कानशिलाकडे ओढून नेतो आणि शोधत बसावं लागतं. कडीला ओढ किती असते, ते तिथे कळतं.

खरी कटकट पुढे आहे. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची चळत धरायची, दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची, असं कित्येक महिने. कंटाळून हे सोडलेला रुग्ण पुन्हा दीड बोटावर आलेला मी पाहिलाय, दोन्ही बाजूंचे कोरोनॉइड काढूनही.