पार्सलवरचा पिन आणि मोबाईलमधला पिन: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या भागातील बचत गटांच्या व्हॉट्सॲप समूहांवर एक लांबलचक संदेश फिरत आहे. "ऑनलाइन विकलेला माल स्वस्तात आणि सुरक्षित पाठवण्याचे नियम" असे त्याचे शीर्षक आहे आणि खाली "प्रत्येक भगिनीपर्यंत पोहोचवा" अशी विनंती आहे. त्याचा सारांश असा: रजिस्टर पोस्ट बंद झाल्यामुळे पोस्टातून पार्सल पाठवणे आता धोक्याचे आहे, पार्सलवर पिन लिहू नये, कारण पिन गुप्त ठेवायचा असतो, गिऱ्हाइकाने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून आपला पिन टाकला की पैसे खात्रीने जमा होतात, पार्सलवर किंमत वाढवून लिहिली की हरवल्यास तेवढी भरपाई मिळते, आत काहीही असले तरी वर "पुस्तके" लिहावे, आणि खोका जितका मोठा, तितका माल सुरक्षित.

असे संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकते, पण हा माझ्या धाकट्या जावेपर्यंत पोहोचला. समुद्रपूर तालुक्यातील आमच्या घरी वायगावची हळद होते. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली हीच ती हळद. जाऊबाई ती दळून, पाकिटे भरून मोबाईलवरून विकतात. या संदेशावर विश्वास ठेवल्यामुळे एका महिन्यात त्यांचे एक पार्सल परत आले आणि खात्यातून अठराशे रुपये गेले. मी विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "ताई, मेसेजात तं तसंच लिवलं होतं ना." म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

पार्सलवर पिन लिहू नका, हे त्या संदेशातील सर्वांत विपरीत वाक्य आहे. लिहिणाऱ्याने पत्त्याचा पिनकोड आणि पैशांच्या व्यवहाराचा गुप्त पिन यांची गल्लत केली आहे. पिनकोड ही गुप्त गोष्ट नाही. तो पोस्टाच्या कार्यालयाचा क्रमांक आहे आणि तो खोक्यावर जेवढा मोठा आणि ठळक लिहिता येईल तेवढा लिहायचा असतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्या आणि वाचता न येणारी अक्षरे या अडचणीतून वाट काढण्यासाठीच हे सहा अंक जन्माला आले. पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा (छाटणीचा) जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक ज्या कार्यालयातून वाटप होणार ते कार्यालय दाखवतात. आपल्या विदर्भाचे पिनकोड ४४ ने सुरू होतात: नागपूर शहराचे ४४० ने, बुलढाण्याकडचे ४४३ ने, यवतमाळकडचे ४४५ ने.

जाऊबाईंचे परत आलेले पार्सल पिंपळगावला निघाले होते. पत्त्यावर गिऱ्हाइकाचे नाव, "मु. पो. पिंपळगाव" आणि मोबाईल क्रमांक एवढेच होते. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, जळगाव जिल्ह्यात पिंपळगाव हरेश्वर आहे, आपल्या बुलढाण्यात पिंपळगाव राजा आहे आणि नुसते पिंपळगाव म्हणवणारी लहान गावे किती तरी आहेत. गिऱ्हाईक बसवंतचे होते. खोका वीस दिवस फिरून, कोपरे दबून परत आला आणि आतील दोन पाकिटे फुटलेली निघाली. जाण्याचे पैसे वाया गेले, माल वाया गेला आणि गिऱ्हाइकाने पुन्हा मागणी केली नाही. सहा अंक लिहिले असते तर यातले काहीही झाले नसते.

आता दुसरा पिन, जो खरोखर गुप्त ठेवायचा असतो, आणि नेमका तोच टाकायला हा संदेश सांगतो. ही चूक समजून सोडून देण्यासारखी नाही; फसवणूक करणाऱ्यांची जी रीत आहे, तीच येथे सल्ला म्हणून लिहिली आहे. जाऊबाईंना एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्याने भाव न करता चार किलो हळद मागितली, पत्ता दिला आणि "आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणून व्हॉट्सॲपवर क्यूआर कोडचे चित्र पाठवले. संदेशात असेच लिहिले असल्यामुळे त्यांनी शंका घेतली नाही. कोड स्कॅन केला, पडद्यावर रक्कम दिसली, पिन टाकला आणि ती रक्कम येण्याऐवजी गेली.

यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे याबाबतचे म्हणणे एका ओळीचे आहे आणि ते वर्षानुवर्षे सांगितले जात आहे: पिन फक्त पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. क्यूआर कोडमध्ये पैसे घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता असतो आणि कधी कधी रक्कमही असते. म्हणून जो स्कॅन करतो तो देणारा ठरतो. विकणाऱ्याने आपला कोड गिऱ्हाइकाला पाठवायचा असतो, गिऱ्हाइकाचा कोड आपण उघडायचा नसतो. याच संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची "मागणी" पाठवण्याची सोय बंद केली, कारण "पैसे येत आहेत" असे भासवून ती मागणी मंजूर करून घेण्याचे प्रकार फार झाले होते. ती वाट बंद झाली तरी क्यूआर कोडची वाट उघडीच आहे. जाऊबाईंनी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण फसल्याची लाज वाटून तीन दिवस घरात कोणाला सांगितलेच नव्हते. पैसे पुढच्या खात्यात हलण्याआधी अडवता यावेत यासाठी हा फोन पहिल्याच तासात व्हायला हवा. ती रक्कम अजून परत आलेली नाही.

त्याच संदेशात शेवटी "ओटीपी कोणालाही सांगू नका" असे एक वाक्य आहे आणि ते बहुतांशी बरोबर आहे, हे मान्य करावे लागते. तेवढ्या एका वाक्यामुळे बाकीचा मजकूर खरा वाटतो, हीच अडचण आहे. फक्त एक अपवाद लक्षात घ्यावा. पाठवणाऱ्याने ओटीपीची सेवा घेतली असेल, तर पार्सल घेणाऱ्याला तो अंक पोस्टमनला सांगावाच लागतो. तो दारात, पार्सल डोळ्यांसमोर असताना सांगायचा, फोनवर नाही. "पार्सल अडकले आहे, स्टार ४०१ ने सुरू होणारा हा क्रमांक डायल करा" असे कोणी फोनवर सांगितले तर तेही करू नये. त्या क्रमांकाने आपल्या फोनवर येणारे कॉल दुसऱ्याकडे वळतात आणि त्यांबरोबर बँकेचे पडताळणीचे कॉलही जातात. या फसवणुकीमुळेच दूरसंचार विभागाने असे डायल करून कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचा आदेश दिला होता.

रजिस्टर पोस्टाबद्दल संदेशात अर्धे सत्य आहे. रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा म्हणून राहिली नाही, हे खरे. २०२५ मध्ये ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. पण त्यावरून पोस्टाची जबाबदारी संपली असा अर्थ काढणे चुकीचे आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले आणि त्याच वेळी "नोंदणी" ही स्पीड पोस्टवर घेता येणारी जादा सेवा झाली. तिच्यासाठी एका नगामागे पाच रुपये आणि वर जीएसटी द्यावा लागतो आणि ज्याच्या नावाचा नग आहे त्यालाच किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच तो दिला जातो. ओटीपीच्या सेवेलाही तेवढेच पैसे पडतात. म्हणजे रजिस्टरमध्ये जी खात्री मिळत होती, ती पाच रुपये वाढवून आजही मिळते; काउंटरवर तोंडाने मागावी मात्र लागते.

पोस्टाच्या बाजूने बोलताना त्याची उणीवही सांगितली पाहिजे. २०१२ नंतर प्रथमच दर वाढले असले तरी ते वाढले आहेत, हे पाव किलोचे पाकीट पाठवणाऱ्या बाईला जाणवते. गावच्या शाखा कार्यालयातून निघालेल्या पार्सलची पहिली नोंद कधी कधी उशिरा दिसते आणि नागपूरहून पुण्याला घाईचा माल पाठवायचा असेल तर खासगी कुरियर लवकर पोहोचवते, यात वाद नाही. पण देशात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्ट कार्यालये आहेत आणि त्यांतील जवळजवळ नव्वद टक्के ग्रामीण भागात आहेत. आपली गिऱ्हाइके जर मेळघाटात, सिरोंच्यात किंवा कोकणातील वाडीत असतील, तर बरेचसे कुरियरवाले जादा आकार मागतात किंवा तालुक्याला येऊन न्या म्हणतात. तेथे पोस्टमन घरापर्यंत जातो.

किंमत वाढवून लिहिण्याचा सल्ला नुकसानीचा आहे. भरपाई खोक्यावर पेनाने लिहिलेल्या आकड्यावरून ठरत नाही. विमा न उतरवलेले स्पीड पोस्ट हरवले तर नियमाप्रमाणे भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल ती मिळते. शंभर रुपये भरले असतील तर दोनशे मिळतील, मग वर पाच हजार लिहा किंवा पन्नास हजार. करवती काठाची रेशमी साडी पाठवायची असेल तर तिचा विमा उतरवावा, तोही खऱ्या किमतीचा, कारण प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त भरपाई विम्यातही मिळत नाही. बिलाची प्रत मात्र जपून ठेवावी.

हळदीवर "पुस्तके" लिहिणे ही सरळ खोटी नोंद आहे. पुस्तकांच्या सवलतीच्या दराने पाठवलेले पाकीट पोस्टाला तपासता येते. आत पुस्तक नाही हे दिसले की फरकाची वसुली होते आणि ती बहुधा गिऱ्हाइकाच्या दारात होते. त्यानंतर ते गिऱ्हाईक आपल्याकडे पुन्हा येणार नाही.

खोक्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. खासगी कुरियर वजनाबरोबर आकारमानही मोजतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला पाच हजारांनी भागायचे. ४० बाय ३० बाय २० चा खोका असेल तर २४ हजार भागिले पाच हजार, म्हणजे ४.८ किलो. आत एकच किलो हळद असली तरी आकारणी जवळजवळ पाच किलोची होते. तीच हळद २० बाय १५ बाय १० च्या खोक्यात बसते आणि आकारमानाचे वजन ०.६ किलो येत असल्यामुळे खऱ्या वजनाचाच दर पडतो. शिवाय मोठ्या खोक्यात पाकीट हलते आणि हलल्यामुळेच फुटते. भुकटी दुहेरी पिशवीत, तोंड उष्णतेने बंद करून भरावी, उरलेली जागा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी ठासावी आणि पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाकावी, कारण वरचा कागद फाटला तर तीच कामी येते. बंद करण्यापूर्वी काट्यावर ठेवलेल्या मालाचा फोटो काढावा आणि पावतीवरील तेरा अक्षरी क्रमांक त्याच दिवशी गिऱ्हाइकाला पाठवावा.

ज्यांनी हा संदेश आपापल्या समूहात टाकला असेल, त्यांनी निदान पिनकोडची आणि क्यूआर कोडची दुरुस्ती आजच त्याच समूहात टाकावी. आमच्याच गटातील तिघींची पार्सले पिनकोड न लिहिता बांधून तयार आहेत आणि ती उद्या सकाळच्या थैलीत जाणार आहेत.