बिनपैशाच्या पेठा: कट्ट्यावर रंगलेला वाद

"तिकीट न काढता शनिवारवाडा पाहिला म्हणणं म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाच्या दारातून परत फिरणं," शिरीषनं पहिलाच घाव घातला. विषय होता, खिशात हात न घालता जुनं पुणं एका सकाळीत नीट पाहता येतं का.

बापूचं म्हणणं बरोबर उलटं. "१८२८च्या आगीत जळलं ते आतलं. मजले, दिवाणखाने, सगळं सागवानी लाकूड. राहिली ती जोती, म्हणजे इमारतींचे दगडी चौथरे, आणि कारंज्याचा हौद. जे उभं आहे ते तट, बुरूज आणि दरवाजे, आणि त्यातलं बरंचसं बाहेरून दिसतं. वाड्याचा मुख्य, दिल्ली दरवाजा उघडायच्या आधी गाठायचा. फळ्या मिटलेल्या असतात तेव्हाच खिळ्यांची रांग कळते. एकेका फळीवर बहात्तर, नऊ गुणिले आठ. तेही हत्तीच्या कपाळाच्या उंचीला. दार उघडलं की फळ्या आत वळतात आणि लोक खिळे न बघताच पुढे जातात."

"आणि मग?"

"मग तटाला वळसा. खाली दगड, वर वीट, हा सांधा नजरेनं धरून चालायचं. आग्नेयेला गणेश दरवाजा, तो कसबा गणपतीच्या बाजूला. दक्षिणेला नारायण दरवाजा. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणरावांचा खून झाला, तेव्हा त्यांचा देह त्या दारातून बाहेर नेला असं सांगतात. आतून फिरणारे बरेच जण या दारापर्यंत येतच नाहीत."

शिरीष मागे हटला नाही. तटावरून चालल्याशिवाय वाड्याचा आवाका कळत नाही, जोती बघूनच चौक किती मोठे होते ते उमगतं, असं तो म्हणाला. हा मुद्दा खरा आहे. त्यावर तोड अशी की १८ एप्रिल आणि १९ नोव्हेंबरला पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत प्रवेश मोफत ठेवतात, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना एरवीही तिकीट नसतं. तट त्या दिवशी चढावा, बाकी वर्षभर बाहेरून वळसा घालावा.

खरी खडाजंगी क्रमावरून झाली. मीनलनं सरळ सांगितलं की बिनपैशाच्या फेरीत पैशाऐवजी घड्याळ मोजावं लागतं, आणि माणसं चुकतात ती तिथेच. दुपारी एकला निघालेल्यांना गाभारे बंद मिळतात, फरशीवर पाय भाजतात, आणि मग सावलीसाठी हॉटेलात शिरावं लागतं. तिथेच फुकटची फेरी संपते.

तिचा क्रम असा. पावणेसातला सोमवार पेठेत, त्रिशुंड गणपती. देऊळ लहान, पण इथे अर्धा तास द्यावा. भीमगीरजी गोसावींनी १७५४ साली बांधायला घेतलं, प्रतिष्ठा १७७०ची. मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. गाभाऱ्याच्या भिंतीवर तीन शिलालेख, दोन संस्कृत आणि एक फारसी. दर्शनी भिंतीवर खाली वाकून बघायचं: गोऱ्या शिपायांनी साखळदंडानं बांधलेला गेंडा कोरलाय. बंगालात इंग्रजांना सत्ता मिळवून देणारी प्लासीची लढाई १७५७ची, आणि गेंडा तिकडच्या मुलखातला, हे मनात ठेवून तो गेंडा बघितला की पुण्याच्या कारागिराला तेव्हा कुठकुठल्या बातम्या पोचत होत्या, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. तळघर एरवी बंद, गुरुपौर्णिमेला उघडतात.

तिथून चालत कसबा गणपती, मग दिल्ली दरवाजा, मग वळसा. साडेआठपर्यंत बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर. "समोरच्या फुटपाथवरूनच बघायचा," ती म्हणाली, "वाड्याच्या अगदी पायथ्याशी उभं राहिलं तर फक्त खांबांचे बुंधे दिसतात." वाडा पूर्वाभिमुख, म्हणून सकाळचं ऊन थेट कोरीव कामावर पडतं: सुरूच्या झाडासारखे निमुळते सुरूदार खांब, वर कोरलेली केळफुलं, पुढे आलेला सज्जा. दुपारनंतर हेच लाकूड सपाट काळं दिसतं. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८०७चा, आणि १८२१ला संस्कृत पाठशाळा इथेच सुरू झाली.

रस्ता ओलांडला की तुळशीबाग. बाजाराच्या गर्दीत राममंदिराचं दार चुकतं, म्हणून दुकानं उघडायच्या आत जायचं. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१च्या सुमारास हे काम काढलं. शिखर बघायचं तर आवारातच मागे सरकत जावं लागतं, बाहेरून ते दुकानांच्या छपरांमागे जातं. पुढे मंडई, १८८६ची, मधला अष्टकोन आणि त्यावरचा मनोरा. भाजी घ्यायची नसेल तर गाळ्यांच्या वाटेत उभं राहू नये. सकाळी हमालांची घाई असते.

बापूला मात्र तांबट आळी, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, याच फेरीत हवी होती. ती कसब्यात, म्हणजे वाटेतच. पण सकाळी सातला तिथे हातोडा वाजत नाही. मठारकाम, म्हणजे भांडं ठोकून घडवणं, ऐकायचं तर दहानंतर यायचं, म्हणजे उलट फिरून. भांड्यावर एकाशेजारी एक सारखे ठोके पडत जातात तसा पत्रा कठीण होतो आणि चकाकी येते. दारात उभं राहून बघायला कुणी पैसे मागत नाही. उजेड अडवायचा नाही, फोटोआधी विचारायचं, एवढं पुरे.

विचारायचं, या शब्दावर मीनल थांबली. "वाड्यांचंही तेच. दिंडी दरवाजा उघडा दिसला म्हणून चौकात शिरू नका. आत लोक राहतात. दारालगतच्या देवडीत उभं राहून हाक द्या, उत्तर आलं तर पुढे, नाहीतर तिथूनच लाकडी छताचा कडीपाट आणि दारावरची कोरीव गणेशपट्टी बघून परत." यावर दुमत झालं नाही.

पैसे गळतात कुठे, हेही निघालं. गाडी नेली की पार्किंग. चपलांसाठी स्टँड, त्यावर उपाय म्हणजे दोघांनी आळीपाळीनं आत जायचं. आणि पाणी, एक लिटरची बाटली घरूनच भरून न्यावी, दोन लिटरचं ओझं तिसऱ्या देवळात टोचतं. लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या माड्या बघायच्या तर सोमवार बरा, बरीच दुकानं बंद असतात आणि मान वर करून चालता येतं. गणेशोत्सवात मात्र मांडवांच्या आड निम्मे दर्शनी भाग झाकले जातात.

पाताळेश्वराचं लेणं या सकाळीत बसत नाही, हे शेवटी बापूनंही मान्य केलं. ते नदीपलीकडे, जंगली महाराज रस्त्यावर. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं, एकाच काळ्या दगडात वरून खाली खोदत नेलेलं, आणि तिकीट नाही. काम अर्धवट राहिलंय, तेच त्याचं मोल. तासलेला भाग आणि नुसता तोडलेला भाग शेजारी शेजारी दिसतात. गोल नंदीमंडपाभोवती फिरून छताची कड बघावी. आत अंधार असतो, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्यावीत, टॉर्च मारू नये; पूजा चालू असते.

पर्वतीच्या टेकडीबद्दल मात्र एकमत झालंच नाही. देवळं विनामूल्य, संग्रहालयाला तिकीट. शिरीष म्हणतो आधी पर्वती, म्हणजे पेठा कुठे बसल्यात ते वरून कळतं. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावानं इथूनच पाहिली. मीनल म्हणते शनिवारवाड्यापासून तीन-चार किलोमीटर चालून वर शंभरेक पायऱ्या, म्हणजे त्रिशुंडला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. तिचं पटतं. पर्वतीला वेगळी संध्याकाळ काढावी, सूर्य मावळायच्या तासभर आधी पायथ्याशी.