टीव्हीवरचं चाक कॅसिनोत जातं तेव्हा

मंडळी, उन्हाळा आला की इकडे न्यू जर्सीत घरोघरी आई-बाबा येतात. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा झाला की कुणीतरी म्हणतंच, "एकदा अटलांटिक सिटीला घेऊन जाऊ यांना." समुद्र आहे, चालायला सपाट बोर्डवॉक आहे, ऊन लागलं तर शिरायला गारेगार कॅसिनो आहेत. मग आपण ज्येष्ठांच्या हातात वीस डॉलरची नोट ठेवतो आणि "बसा इथे, गंमत म्हणून खेळा" म्हणत त्यांना एका मशीनसमोर बसवतो. ते मशीन बऱ्याचदा "व्हील ऑफ फॉर्च्यून" या टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं असतं, कारण तेवढं एकच त्यांच्या ओळखीचं असतं. त्या ओळखीबद्दलच मला लिहायचंय. माझं मत जरा कडक आहे, आधीच सांगते.

ज्यांनी कार्यक्रम पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फळ्यावर एक वाक्प्रचार लपवलेला असतो. स्पर्धक भलंमोठं रंगीत चाक फिरवतो, एक व्यंजन सांगतो, ते फळ्यावर असेल तर चाकावरच्या आकड्याप्रमाणे पैसे मिळतात. स्वर हवा असेल तर अडीचशे डॉलर मोजून विकत घ्यायचा. चाक "बँकरप्ट"वर थांबलं की त्या फेरीतली कमाई गेली. ६ जानेवारी १९७५ ला हा खेळ सुरू झाला, १९८३ पासून संध्याकाळचा प्रयोग सुरू झाला, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या जेवणाच्या वेळेचा तो भाग झाला. पॅट सजॅक चाळीसहून जास्त वर्षं सूत्रसंचालन करून २०२४ मध्ये निवृत्त झाले. व्हॅना व्हाइट १९८२ पासून अजून फळ्यापाशी उभ्या आहेत.

आमच्याकडे न्यू यॉर्कच्या वाहिनीवर तो साडेसातला लागतो. आई इथे असते तेव्हा सव्वासातलाच कणीक भिजवून झाकून ठेवते. तिचं इंग्रजी वाचनापुरतं चांगलं, बोलायला मात्र ती बिचकते. पण या कार्यक्रमासमोर ती बिचकत नाही. "अगं, एन सांग ना, एन!" असं स्पर्धकावर ओरडते, स्वर विकत घ्यायची वेळ झाली की "आता घे ई" म्हणते, आणि बऱ्याचदा माझ्या मुलांच्या आधी तिला वाक्य सापडतं. नातवंडं टाळ्या वाजवतात. परक्या देशात, दिवसभर चार भिंतींत बसणाऱ्या माणसाला हा अर्धा तास काय देतो ते आमच्यासारख्यांना सांगायला नको. म्हणूनच या कार्यक्रमाबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट मायाच आहे. राग आहे तो या मायेचं पुढे जे केलं गेलं त्याचा.

१९९६ च्या सुमारास अँकर गेमिंग नावाच्या कंपनीने साध्या स्लॉट मशीनच्या, म्हणजे पैसे लावून बटण दाबलं की चिन्हांची रीळं फिरतात त्या जुगाराच्या मशीनच्या, डोक्यावर एक फिरतं चाक बसवलं होतं. आयजीटी या मोठ्या उत्पादकाने त्यांच्याशी हातमिळवणी केली, टीव्हीवरच्या कार्यक्रमाचे हक्क घेतले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस "व्हील ऑफ फॉर्च्यून" स्लॉट आलं. ते इतकं चाललं की पुढे "जेपर्डी", "द प्राइस इज राइट", "फॅमिली फ्यूड", "डील ऑर नो डील" अशी एकामागून एक कार्यक्रमांची मशीन आली. लास व्हेगसच्या विमानतळावर सामान यायच्या आधीच ही मशीन आपल्याला गाठतात. हा कार्यक्रम ज्यांनी निर्माण केला त्या मर्व्ह ग्रिफिन यांनी १९८६ मध्ये आपली कंपनी अडीचशे दशलक्ष डॉलरला विकली आणि १९८८ मध्ये रिसॉर्ट्स विकत घेतलं, म्हणजे १९७८ मध्ये अटलांटिक सिटीत उघडलेलं पहिलंवहिलं कॅसिनो. दिवाणखाना आणि जुगाराचा अड्डा यांच्यातलं अंतर तेव्हाच फार उरलं नव्हतं.

आता मशीनसमोर बसू. खाली रीळं फिरतात. ठरावीक चिन्ह आलं की बटण लुकलुकायला लागतं, आणि स्पीकरमधून स्टुडिओतल्या प्रेक्षकांचा तोच गजर येतो, "व्हील! ऑफ! फॉर्च्यून!" आजूबाजूचे लोक माना वळवून बघतात. वरचं चाक फिरायला लागतं, टकटक आवाज करत मंदावतं, हजाराच्या घराजवळ येतं, आता थांबणार असं वाटतं, आणि एकच घर पुढे सरकून पंचवीसवर थांबतं. मागच्या वर्षी माझ्या शेजारच्या मशीनवर एक वयस्कर बाई खेळत होत्या. मराठी नव्हत्या, पण आपल्या आई-मावशीच्याच वयाच्या. त्यांच्या तोंडून सुस्कारा निघाला, "इतकं जवळ!" आणि लगेच बोट पुन्हा बटणावर गेलं.

ते जवळ नव्हतंच. कुठे थांबायचं हे बटण दाबल्या क्षणी आतल्या संगणकाने ठरवलेलं असतं. चाक फक्त तो निकाल दाखवतं. टीव्हीवर स्पर्धक जोर लावून जड चाक फिरवतो, ते घर्षणाने थांबतं, प्रत्येक घर डोळ्यांसमोर असतं आणि कॅमेरा वरून बघत असतो. मशीनवरच्या चाकाच्या प्रत्येक घराला सारखीच संधी आहे असं धरून चालायला काही आधार नाही. लास व्हेगस ज्या राज्यात आहे त्या नेवाडाचा नियम नीट वाचा. पत्ते किंवा फासे दाखवणाऱ्या मशीनमध्ये शक्यता खऱ्या पत्त्या-फाशांइतकीच असली पाहिजे. बाकीच्या मशीनमध्ये मात्र प्रत्येक चिन्हाची शक्यता कायम एकसारखी राहिली म्हणजे झालं, ती डोळ्याला दिसते तेवढी असण्याची गरज नाही.

यामागचं तंत्र १९८४ च्या एका पेटंटमध्ये आहे. इंगे टेलनेस यांच्या नावावरचं हे पेटंट पुढे आयजीटीने घेतलं. समजा रिळावर बावीस जागा आहेत. तीन रीळं असली की एकूण १०,६४८ जुळण्या होतात. बक्षीस फार मोठं ठेवायचं तर एवढ्या जुळण्या पुरत नाहीत. मग संगणकाच्या आत न दिसणारं, समजा चौसष्ट जागांचं रीळ बनवायचं आणि त्यातली प्रत्येक जागा खऱ्या रिळावरच्या कुठल्या तरी जागेला जोडायची. जुळण्या २,६२,१४४ वर जातात. मोठ्या बक्षिसाच्या चिन्हाला एकच जागा द्यायची आणि त्याच्या वर-खाली असलेल्या मोकळ्या जागांना भरपूर. परिणाम काय? मोठं चिन्ह बक्षीस ठरवणाऱ्या रेषेच्या जरा वर किंवा जरा खाली सारखं दिसत राहतं. खेळणाऱ्याला वाटतं, थोडक्यात हुकलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नेवाडाच्या नियामकांनी एका जपानी उत्पादकाला बजावलं होतं की हरलेला निकाल मुद्दाम बदलून "जवळपास जिंकलात" असा दाखवता येणार नाही. पण आतल्या रिळाच्या जोडणीतून तेच घडलं तर ते चालतं. मला हा फरक वकिलांच्या सोयीचा वाटतो, माणसांच्या नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. आजच्या "पेनी" मशीनवर एका सेंटने कुणी खेळत नाही. खूप रेषांवर मिळून एका फेरीला साठ सेंट, एक डॉलर सहज लागतो. साठ सेंट लावले आणि वीस परत आले, तर चाळीस गेले. पण मशीन वाजतं, चमकतं, आकडे वर चढवून दाखवतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की अशा झाकलेल्या तोट्याला माणसाचं शरीर जिंकल्यासारखाच प्रतिसाद देतं. तळहाताला सुटणाऱ्या घामावरून त्यांनी ते मोजलं. यात टीव्हीवरच्या ओळखीच्या गजराची भर घाला. जो आवाज आमच्या घरात नातवंडांच्या टाळ्यांबरोबर येतो, तोच इथे पैसे जाताना वाजतो.

वीस डॉलरचा हिशोब करून बघा. दर सहा सेकंदांना एक फेरी म्हणजे तासाला सहाशे. फेरीला एक डॉलर धरला तर तासाभरात सहाशे डॉलर मशीनमधून फिरतात. शंभरातले नव्वद परत देणारं मशीन असेल तर सरासरी साठ डॉलर गेले. म्हणजे आपण आईला दिलेली नोट सरासरी वीस मिनिटांत संपते. कायद्याने न्यू जर्सीत किमान ८३ टक्के परत द्यावे लागतात, नेवाडात किमान ७५. त्यातही जी मशीन दूरदूरच्या कॅसिनोंना जोडून एकच मोठा जॅकपॉट साठवतात, त्यांच्या परताव्याचा एक हिस्सा त्या एका भाग्यवंतासाठी बाजूला पडतो. म्हणजे बाकीच्यांच्या वाट्याला येणारं आणखी कमी. "आम्ही हजाराहून जास्त दशलक्षाधीश घडवले" असं कंपनी अभिमानाने सांगते. ते पैसे कुठून आले, हे जाहिरातीत नसतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की यातलं काहीच मशीनवर लिहिलेलं नसतं. सिनेमाच्या तिकिटावर किंमत छापलेली असते, मग करमणुकीच्या या प्रकाराची किंमत का छापू नये? वॉटर्लूच्याच संशोधकांनी माहितीच्या अधिकारातून मशीनचे आतले तक्ते मिळवले तेव्हा दिसलं की एकाच खेळाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. चित्रं तीच, आवाज तेच, पण एक शंभरातले ८५ परत देणारी आणि दुसरी ९६. बाहेरून बघणाऱ्याला काहीही कळत नाही. ब्रिटनमध्ये परताव्याची टक्केवारी खेळणाऱ्याला दाखवावीच लागते. तिथे जमतं ते न्यू जर्सीत आणि नेवाडात का जमू नये? इथे राज्यं महिन्याच्या सरासऱ्या प्रसिद्ध करतात खरं, पण समोरच्या मशीनचा आकडा त्यात नसतो, आणि सत्तरीतली बाई तो अहवाल शोधून वाचेल असं कुणालाच वाटत नसावं.

"मोठी माणसं आहेत, स्वतःच्या पैशाने खेळतात, तुला काय?" हे मला घरातच ऐकवलं गेलंय. खेळू देत ना. बंदी आणा असं मी म्हणत नाही. पत्त्यांच्या टेबलावर बसणाऱ्याला माहीत असतं की आपण जुगार खेळतोय. समोर डीलर असतो, नियम माहीत नसले तर माणूस बसायलाच कचरतो. कार्यक्रमाचं मशीन नेमका हा संकोच काढून घेतं. महाराष्ट्रातून येणाऱ्या आपल्या आई-वडिलांचा तर कॅसिनोशी संबंधच आलेला नसतो. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत ही मशीन आली, नंतर मांडवीत बोटी आल्या, पण आपल्याकडची बहुतेक ज्येष्ठ मंडळी त्या वाटेला जात नाहीत. इथे आल्यावर मात्र तो ओळखीचा रंग, ओळखीचं चाक, ओळखीचा गजर दिसतो आणि त्यांना वाटतं, हे आपल्याला येतं. टीव्हीवर खरंच येतं. तिथे शब्द ओळखायला डोकं लागतं, भाषा लागते, धीर लागतो. मशीनवर यातलं काहीच लागत नाही, फक्त बोट लागतं. वर्षानुवर्षं घराघरांत कमावलेला विश्वास उचलून अशा खेळाला चिकटवणं मला अप्रामाणिक वाटतं, आणि ज्यांनी कार्यक्रमाचं नाव भाड्याने दिलं त्यांनाही मी यातून मोकळं करणार नाही.

न्यू जर्सीत आता याच नावाचं ऑनलाइन कॅसिनोही आहे. म्हणजे बोर्डवॉकपर्यंत जायचीही गरज नाही. साडेसातचा कार्यक्रम संपला की त्याच सोफ्यावर, हातातल्या फोनवर तेच चाक. तिथे वीस डॉलरची नोट देणारा मुलगाही शेजारी नसतो आणि "आता पुरे" म्हणणारी सूनही.

म्हणून माझी दोन मागण्यांची पोस्ट समजा ही. पहिली मागणी राज्याकडे. प्रत्येक मशीनवर, प्रत्येक ॲपवर, मोठ्या अक्षरांत परताव्याची टक्केवारी लिहा, आणि चाक दाखवायचं असेल तर त्याच्या प्रत्येक घराला दिसते तेवढीच संधी द्या. मी माझ्या असेंब्लीच्या प्रतिनिधीला हेच लिहिलंय, तुम्हीही लिहा, मजकूर हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा. दुसरी मागणी आपल्याच लोकांकडे. आई-बाबांना अटलांटिक सिटीला न्या, जरूर न्या. मशीनसमोर बसवायचंच असेल तर आधी वरचा हिशोब त्यांना मराठीत समजावून सांगा. त्यांनी आयुष्यभर पै-पैचा हिशोब ठेवलाय, त्यांना तो आपल्यापेक्षा लवकर कळतो. माझ्या आईला सांगितला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मग तिथे अक्षर सांगायचंच नाही?" आणि आम्ही बोर्डवॉकवर फिरायला गेलो.

आणि ज्या घरात हे प्रकरण गमतीच्या पुढे गेलंय, त्यांच्यासाठी: १-८००-४२६-२५३७ ही जुगाराच्या व्यसनासाठीची हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे. न्यू जर्सीत स्वतःचं नाव बंदीच्या यादीत घालून घेण्याचीही सोय आहे, मग कॅसिनो आणि ॲप दोन्ही त्या व्यक्तीला खेळू देऊ शकत नाहीत. आपल्या लोकांत याबद्दल कुणी बोलत नाही. ज्यांना इथे उघड लिहायचं नसेल त्यांनी मला मेसेज करा.