खिडकी उघडायची नाही!

आमचं नवीन घर एनर्जी एफिशियंट आहे, म्हणजे ते वीज खात नाही, डोकं खातं. चावी देताना इंजिनिअरने भिंतींतलं इन्सुलेशन (म्हणजे ऊब आतच अडवणारा थर) दाखवलं, खिडक्यांच्या तीन-तीन काचा मोजून दाखवल्या, वर सांगितलं की ५० पास्कलचा दाब देऊन टेस्ट केली तरी फटींतून तासाला घरातल्या हवेच्या फक्त ०.६ पट हवा जाते. मला त्यातलं 'हवा जात नाही' एवढंच कळलं आणि तिथेच गुदमरायला लागलं.

आता हिवाळ्यात बाहेर दात वाजतायत आणि घरात मी बनियनवर. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो म्हणे. रविवारी आठ पाहुणे आले, म्हणजे अख्खा ८०० वॅटचा हीटर सोफ्यावर बसून गप्पा मारत होता! तासाभरात एकेकाचा स्वेटर उतरला, आणि मी आपला हसतमुखाने हिशेब करतोय की कोण आधी उठलं तर किती वॅट कमी होतील. (मेहुणा सगळ्यात शेवटी गेला. तो एकटाच दीडशेचा असणार.)

हवा खेळती ठेवायला मशीन आहे, ते बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब काढून आत येणाऱ्या हवेला देतं. हुशार आहे. पण थंडीत बाहेरची हवा मुळात कोरडी, ती आत येऊन तापली की आणखीच कोरडी, सकाळी उठलो की घशात वाळवंट. शांतता तर विचारूच नका, बाहेरचं काही ऐकू येत नाही, त्यामुळे रात्रभर फ्रिज घोरतो ते ऐकायचं.

आणि मला झोपायला खोली गार न् पांघरूण जाड लागतं हो! इथे बेडरूम, हॉल, बाथरूम, सगळीकडे तेच २१ अंश.

बायको मात्र खूश. तिने कुठूनतरी शोधून काढलं की डेन्मार्कच्या फँगर नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० सालीच मांडलंय, तापमान, वारा, ओलावा, कपडे सगळं अगदी परफेक्ट जुळवलं तरी ५ टक्के लोक नाराजच राहणार. हे मोठ्याने वाचून तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

काल रात्री दोन वाजता मी चोरासारखा उठलो, हॉलची खिडकी चार बोटं उघडली आणि त्या फटीला नाक लावून उभा राहिलो. आहाहा! तेवढ्यात मागून पावलं वाजली. आता लेक्चर, म्हणून मी डोळेच मिटले.

"सरक जरा," बायको म्हणाली, "मला पण येऊ दे की वारा."