स्टीलच्या फ्रिजवर ब्लीच-व्हिनेगर? तो मेसेज पुढे पाठवू नका

‘अर्धा कप ब्लीच, अर्धा कप व्हिनेगर एकत्र करून फ्रिज-ओव्हनच्या स्टीलवर फवारा. दहा मिनिटांनी तारेच्या घासणीनं घासा, वर तेलाचा हात फिरवा. स्टेनलेस स्टील गंजत नाही; गंजलं तर माल बनावट, चुंबक लावून बघा.’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि खाली मावशीचं उत्तर: ‘उद्याच करते.’ मावशी, करू नकोस.

सगळ्यात आधी ते मिश्रण. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात व्हिनेगरचं आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घसा जळतो, दम लागतो; बंद स्वयंपाकघरात हे जिवावर बेतू शकतं. कुणी मिसळलंच असेल तर ते ओतून टाकायलाही थांबू नका. सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या आणि श्वासाचा त्रास वाटला तर लगेच डॉक्टर गाठा.

मग नुसतं ब्लीच चालेल? तेही नाही. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर गंज अडवतो. ब्लीचमधले क्लोराइड नेमका तोच थर जागोजाग फोडतात आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते आतल्या आत खोल जातात, पॉलिशनं भरत नाहीत. पातळ केलेलं ब्लीचही पाणी उडेल तसं तीव्र होत जातं, त्यामुळे ‘थोडंसंच टाकलं’ म्हणून सुटका नाही. मीठ म्हणजेही क्लोराइडच, म्हणून ते चोळणंही बाद.

तारेच्या घासणीबद्दल एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं स्टेनलेस स्टीलच्या सफाईसाठीचं ए३८० हे मानक पुरेसं आहे. ते कारखान्यांसाठी लिहिलेलं असलं तरी धातू तोच: साध्या पोलादाची घासणी स्टेनलेसला लावायची नाही. तिचे कण पृष्ठभागावर रुततात, गंजतात आणि दोष फ्रिजला लागतो.

चुंबकाची परीक्षा निरर्थक आहे. उपकरणांच्या पत्र्यात सर्रास वापरलं जाणारं ४३० प्रतीचं अस्सल स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच.

व्हिनेगरचं एक मान्य करावं लागेल: पाण्याचे पांढरे डाग ते काढतं. निम्मं पाणी घालून कापडानं लावा, दोन मिनिटांत धुवून पुसा. तेलानं बोटांचे ठसे झाकतात, हेही खरं. पण कापडावर दोन-तीन थेंबच, नाहीतर धूळ चिकटते.

एरवी लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड पुरतं. उपकरण थंड असताना मऊ कापड त्यात पिळून पत्र्यावरच्या बारीक रेषांच्या दिशेनं पुसा. आडवं घासलं की ओरखडे उठून दिसतात. मग साध्या पाण्याच्या कापडानं साबण पूर्ण काढा आणि लगेच कोरडं करा, कारण पाणी जागीच वाळलं की डाग पडतो. तांबूस ठिपके आले असतील तर ऑक्झॅलिक आम्लाच्या क्लीनरची ओली पेस्ट हातमोजे घालून मिनिटभरच लावा आणि भरपूर पाण्यानं पुसून काढा. ठसे न उमटणारं कोटिंग असलेल्या पत्र्यावर मात्र हा क्लीनर आणि व्हिनेगर दोन्ही टाळा, तिथे साबणपाणीच.